शेपूट

आकडा दोनशे सतरा. चार सेफ्टी पिनांनी छातीवर लावलेला,
त्यातली एक वाकडी, मीच वाकडी केलेली
गारठलेल्या बोटांनी, चर्चच्या हॉलमध्ये,
जिथं बाथरूमपर्यंत रांग होती
आणि सगळे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते,
आपण घरच्यांची करतो तशी.

मी ऑक्सनबीच्या औषधाच्या दुकानातली.
या गुडघ्यांना मलम मीच देते.
बॅरोक्लफबाईंचं ब्लडप्रेशर मला पाठ आहे,
आणि त्याच मला मागे टाकून गेल्या
पहिल्याच चढावर, एकाहत्तराव्या वर्षी,
"ये हो सावकाश" अशा अर्थाचं काहीतरी म्हणत.

मग सगळेच गेले.
हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात,
ते शेपूट मी.
रस्त्यावर नुसता माझ्या बुटांचा आवाज.
डाव्या हाताला मेंढ्या, पाठीवर निळे शिक्के मारलेल्या,
त्याही माझ्याबरोबर चार पावलं धावल्या,
मग त्यांनी विचार बदलला.

आणि मागे डेझमंड.
पिवळ्या जाकिटात, सायकलवर.
सायकल इतकी हळू चालवणं सोपं नसतं.
त्याचं काम शेवटच्या माणसामागून येण्याचं
आणि येता येता शर्यत उचलण्याचं:
खांबांवरचे बाण सोडवायचे, कोन कडेला सारायचे,
वळणावर उभ्या पोरांना सांगायचं, जा आता घरी.
मी वळून पाहिलं तर मागचा रस्ता
पुन्हा नुसता रस्ता झालेला.
एवढा वेळ खोळंबलेला ट्रॅक्टर त्यावरून निघाला होता,
जसं काही आम्ही इथून गेलोच नाही.

सहाव्या किलोमीटरला मी चालू लागले.
तोही उतरला. काही बोलला नाही, ते बरं केलं.
टोपलीत बाणांची चळत खडखडत होती
आणि सगळ्यात वरच्याच्या पाठीवर
पुसट शाईत:
विल्कॉकच्या फाटकाला. डावीकडे. घट्ट बांध, डेझ.

मी वाचलं, हे त्याला दिसलं.
"फाटक नाही आता तिथं," तो म्हणाला.
"विल्कॉकही नाही. जाळीला बांधतो."
अक्षर कुणाचं, ते मी विचारलं नाही.
दोन वर्षं, दर महिन्याला,
याच अक्षरातली सही मी काउंटरवर घेतली होती.
आधी ठसठशीत, मग थरथरती,
मग डेझमंडची.

त्यानंतर मी पळाले. का, ते सांगता येणार नाही.
बरगडीखाली कळ तशीच होती.
पुढे अजून चार बाण लागले.
प्रत्येकाशी तो थांबला, आणि प्रत्येकाशी मी
जागच्या जागी पावलं हलवत
गाठ सुटायची वाट पाहत राहिले.
घट्ट गाठी. नखांना दाद देत नव्हत्या.
माझी वेळ त्यात गेली.
जाऊ दे.

शाळेच्या मैदानावर घड्याळ बंद करून झाकलेलं.
बॅरोक्लफबाईंनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन सांगितलं:
एक तास एकतीस. पेन्सिलीनं नोंद झाली,
नावातलं एक अक्षर नेहमीसारखं गाळून.
बक्षिसाचा मग एकच उरला होता, कानाशी टवका उडालेला.
केकच्या ताटात कडेचे तुकडे.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या,
झाडू काखेत धरून.

शेंडेफळ, मी डेझमंडला सांगितलं,
आमच्यात शेवटच्याला असं म्हणतात. फार लाड होतात त्याचे.
त्यानं शब्द दोनदा म्हणून पाहिला,
दोन्ही वेळा वेगवेगळा चुकला.
मग खाली बसून बाणांची चळत उलटी रचू लागला,
म्हणजे पुढल्या वर्षी पहिल्या वळणाचा वर येईल.
दोरीचं एक टोक मी धरलं.